पूर्वसंस्कार आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे कालकठिनीकरण

लोहार लालभडक तापलेल्या पोलादाला पाणी देतो, तेव्हा ते पोलाद त्याच क्षणी कठीण होते. ॲल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंची रीत याहून निराळी आहे. त्या तापवून पाण्यात बुडविल्या असता प्रथम मऊच राहतात. त्यांना ताठरपणा येतो तो नंतर, कोणी हात न लावता, केवळ काळाच्या ओघात. या घटनेस कालकठिनीकरण असे म्हणता येईल. कारखान्यातील मंडळी तिला ‘एजिंग’ म्हणतात. लोणचे मुरावे तशी ही धातू मुरते, असे म्हटल्यास कल्पना पुष्कळशी स्पष्ट होते. आणि लोणच्याप्रमाणेच येथेही, मुरण्याच्या आधी काय केले व मुरत असता बरणी कोठे ठेविली, यांवर अखेरचा गुण अवलंबून असतो.

मुरवणीच्या भट्टीत जाण्यापूर्वी धातूवर जे जे घडते, त्या सर्वांस प्रस्तुत लेखात पूर्वसंस्कार ही संज्ञा योजिली आहे. असे पूर्वसंस्कार मुख्यतः चार आहेत : मिश्रक मूलद्रव्ये विरघळविण्यासाठी दिलेली उष्णता, त्यानंतरचे शीघ्र शीतन, मुरवणीपूर्वी धातूस ताणणे किंवा ओढणे, आणि शीतन व मुरवणी यांच्या दरम्यान धातू नुसती पडून राहणे. पहिल्या तिहींची नोंद प्रत्येक कारखाना ठेवितो, कारण ती कामे हेतुपुरस्सर केली जातात. चौथ्याची नोंद बहुधा होत नाही, कारण तेथे कोणी काहीच करीत नाही. परंतु धातूच्या दृष्टीने पाहता ते थांबणे हाही एक उष्मासंस्कारच होय. त्याचे तापमान म्हणजे त्या दिवशीच्या हवेचे तापमान, आणि त्याचा अवधी म्हणजे कामगाराच्या जेवणाची सुटी, भट्टी रिकामी होण्याची प्रतीक्षा, अथवा आठवड्याचा सुटीचा दिवस.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यान आंबिवली हे स्थानक आहे. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ हा सारा परिसर लहानमोठ्या यंत्रशाळांचा. येथील छपराखालची हवा आणि परदेशी हस्तपुस्तिकांत गृहीत धरलेली ‘खोलीची हवा’ यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर धातूच्या गुणांत कसे उतरते, हे समजावून देणे हा या विवेचनाचा उद्देश आहे.

शोधाची कथा आणि तिचा बोध

१९०६ साली बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबर्ग येथे आल्फ्रेड विल्म हा संशोधक पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमलाही पाणी देऊन कठीण करता येईल काय, याचा शोध घेत होता. सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू त्याने सुमारे ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडविली. लगेच मोजलेली कठिनता निराशाजनक होती. आठवडाअखेरीच्या सुटीनंतर तोच तुकडा पुन्हा मोजला असता तो बराच कठीण झालेला आढळला. या मिश्रधातूचे उत्पादन पुढे ड्युरेन येथील कारखान्यात सुरू झाले आणि तिला ड्युराल्युमिन हे नाव मिळाले. विमानांचा सांगाडा ज्या धातूवर उभा राहिला ती हीच.

विल्मने जाणूनबुजून दिलेला संस्कार तापविण्याचा व बुडविण्याचा होता. फळ मात्र मिळाले ते मधल्या सुटीचे. असाच एक अजाणता लाभ याही आधी झाला होता. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाच्या एंजिनाचे कवच सुमारे ८ टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमचे ओतलेले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात त्या कवचात कालकठिनीकरणाची सूक्ष्म रचना आढळली. ओतकामाच्या उष्णतेनेच तो संस्कार घडला होता आणि तो करणाऱ्यांस त्याचे नावही ठाऊक नव्हते.

या घटनेची मीमांसा १९१९ साली अमेरिकेतील मेरिका, वॉल्टेनबर्ग व स्कॉट यांनी मांडली. तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबे अधिक विरघळते. ५४८ अंशांस हे प्रमाण सुमारे ५.६५ टक्के असते, तर साध्या तापमानास ते अत्यल्प उरते. एकदम थंड केल्यास विरघळलेल्या तांब्याला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही व घनविद्राव अतिसंपृक्त होतो. मग ते तांबे सावकाश, अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने एकत्र येऊ लागते. १९३८ साली फ्रान्समध्ये गिन्ये व इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने, या कणांची पहिली अवस्था दाखवून दिली. म्हणूनच तीस गिन्ये–प्रेस्टन क्षेत्रे असे म्हणतात. स्फटिकातील स्थानभ्रंश-रेषा सरकू लागल्या म्हणजे धातू वाकते. हे कण त्या रेषांच्या वाटेत अडसर होतात. कण लहान असता रेषा त्यांना कापून जाते; मोठे व विरळ झाले असता त्यांना वळसा घालून जाते. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी कठिनतेचे शिखर असते. अतएव कणांची संख्या अधिक, आकार नेमका आणि वाटणी सर्वत्र सारखी, हे मुरवणीचे खरे उद्दिष्ट होय. पूर्वसंस्कारांचे सारे महत्त्व यात आहे की, कण किती व कोठे जन्मणार, हे भट्टी पेटण्यापूर्वीच पुष्कळसे ठरून गेलेले असते.

रिक्तस्थानांची भूमिका

मेरिकाप्रभृतींच्या मीमांसेत एक अडचण होती. साध्या तापमानास ॲल्युमिनियममधील परकीय अणू जवळजवळ हलतच नाहीत. मग ड्युराल्युमिन चारपाच दिवसांत मुरते कसे? याचे उत्तर स्फटिकजालातील रिक्तस्थानांत आहे. शेजारची जागा रिकामी असली तरच अणूला उडी मारता येते, जसे भरलेल्या सोंगट्यांच्या पटात एक घर मोकळे असले तरच सोंगटी सरकते. ५३० अंशांस ॲल्युमिनियममध्ये साधारणतः दर दहा हजार स्थानांमागे एक स्थान रिक्त असते. ३० अंशांस समतोलावस्थेत हे प्रमाण त्याच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शाइतके उतरते. धातू पाण्यात बुडविताच उष्ण अवस्थेतील ही रिक्तस्थाने आत अडकून पडतात व थंड धातूत अणूंची ने-आण करू लागतात.

यावरून शीघ्र शीतनाने दोन गोष्टी साठविल्या जातात हे ध्यानात येईल : एक विरघळलेली मूलद्रव्ये, व दुसरी त्यांना हलविणारी रिक्तस्थाने. शीतन मंद झाले तर दोन्ही ठेवी घटतात. रिक्तस्थाने कणसीमांकडे निघून जातात, आणि मूलद्रव्ये त्या सीमांवर जाड अवक्षेपांच्या रूपाने वाया जातात. अशा धातूस पुढे भट्टीत कितीही वेळ ठेविले तरी गेलेले भांडवल परत येत नाही.

विद्रावणाच्या तापमानाविषयीही असेच म्हणावे लागेल. ते कमी पडले तर मूलद्रव्ये पुरती विरघळत नाहीत. अधिक झाले तर कणसीमा वितळू लागतात. विमानकामात वापरली जाणारी २०२४ ही तांबे-मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू सुमारे ४९५ अंशांस विरघळवितात, आणि तिच्यातील सर्वांत लवकर वितळणारा अंश ५०२ अंशांच्या सुमारास द्रवू लागतो. दोहोंतील अंतर अवघे सात अंशांचे. भट्टीच्या एका कोपऱ्यातील तापमापक चुकला तर ते अंतर सहज नाहीसे होते.

पाण्याच्या तापमानाचा प्रश्न येथील हवामानाशी निगडित आहे. विमान-उद्योगातील प्रचलित दंडक असा की, साध्या पाण्यात बुडविताना ते पाणी ३८ अंशांहून अधिक उष्ण नसावे, आणि भट्टीतून पाण्यापर्यंतचा प्रवास जाडीनुसार काही सेकंदांतच संपावा. थंड देशात हा दंडक आपोआप पाळला जातो. वैशाखात आंबिवलीच्या परिसरात दुपारची हवा पस्तीस अंशांच्या पुढे सहज जाते. पत्र्याच्या छपराखालील हौदात एकामागून एक तापलेले गठ्ठे उतरू लागले म्हणजे उरलेली दोनतीन अंशांची सवड अल्पावधीत संपते. हौदात पाणी खेळते ठेवणे, हौद मोठा ठेवणे व तापमान लिहून ठेवणे या गोष्टी म्हणूनच येथे ऐच्छिक मानता येत नाहीत.

थांबण्याचा परिणाम : एकास तारक, दुसरीस मारक

शीतन उत्तम झाले, परंतु धातू लगेच भट्टीत न जाता पडून राहिली, तर काय घडते? याचे उत्तर सर्व मिश्रधातूंसाठी एक नाही, आणि हाच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

जस्त व मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूंस हे थांबणे मानवते. ७००५ या मिश्रधातूच्या आकारपट्ट्यांसाठी रूढ असलेल्या संस्कारात धातू प्रथम ७२ तास साध्या तापमानास ठेवितात, मग १०७ अंशांस ८ तास व अखेरीस १४९ अंशांस १६ तास मुरवितात. लॉरिमर व निकल्सन यांनी १९६६ साली याचे कारण विशद केले. कमी तापमानास जन्मलेली क्षेत्रे पुरेशी मोठी झाली असली, तर वरच्या तापमानास ती विरघळत नाहीत, उलट पुढील अवक्षेपांचे बीज होतात. पुष्कळ बीजे म्हणजे पुष्कळ बारीक कण, आणि म्हणून अधिक बळ.

मॅग्नेशियम व सिलिकन असलेल्या मिश्रधातूंत मात्र हाच विलंब बहुधा अपाय करितो. या कुलातील ६०६१ व ६०८२ यांचा वापर सांगाडे, शिड्या, वाहनांचे भाग अशा कामांत होतो. खिडक्यांच्या चौकटी ६०६३ च्या असतात. ब्रेनर व कोस्ट्रॉन यांनी १९३९ साली हा अपाय निदर्शनास आणिला. पाश्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६–६७ मध्ये त्याची मीमांसा केली. साध्या तापमानास मॅग्नेशियम व सिलिकन यांचे अणू एकत्र येऊन असंख्य सूक्ष्म अणुपुंज बनतात. १७५ अंशांच्या भट्टीत त्यांपैकी पुष्कळसे टिकण्याइतके मोठे नसतात, म्हणून विरघळतात. जे मोजके टिकतात तेच वाढतात. परिणामी सुईच्या आकाराचे, बळ देणारे अवक्षेप संख्येने कमी व आकाराने भरड होतात.

या मीमांसेत २०११ सालानंतर पोगाचर व त्याच्या सहकाऱ्यांनी एक भर घातली. त्यांच्या मते अणुपुंज केवळ मूलद्रव्येच अडवीत नाहीत, तर रिक्तस्थानांनाही जणू बंदिवासात ठेवितात. भट्टीत गेल्यावर ने-आण करणारेच कोंडलेले असल्याने कठिनीकरणास प्रारंभी विलंब लागतो. तापमान पुष्कळ वाढविले, म्हणजे सुमारे २०० अंशांच्या वर नेले, तर पुंज लवकर फुटतात व अपाय ओसरतो. मात्र त्या तापमानास कण लवकर भरड होत असल्याने शिखराची उंचीच उणी राहते.

मॅग्नेशियम-सिलिसाइडचे प्रमाण सुमारे १ टक्क्याहून अधिक असलेल्या मिश्रधातूंत विलंबाने बळ घटते. त्याहून उणे असलेल्या, म्हणजे ६०६३ सारख्या पातळ मिश्रधातूंत, विलंब निरुपद्रवी ठरतो किंवा किंचित उपकारकही होतो. एकाच यंत्रशाळेत खिडकीच्या पट्ट्या व सांगाड्याचे दांडे शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि दोन्ही एका सुटीपुरते थांबतात. एकीचे त्यात काही बिघडत नाही, दुसरीचे बिघडते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. ‘आजवर थांबविले तरी काही झाले नाही’ हा अनुभव पट्ट्यांपुरता खरा असतो. तो दांड्यांस लावला की चूक होते.

ड्युराल्युमिनच्या कुलात प्रश्न पुन्हा वेगळा आहे. तेथे साध्या तापमानास मुरणे हाच मुख्य संस्कार असतो. अडचण येते ती जोडकामात. रिव्हेट ठोकायचे ते धातू मऊ असतानाच. २०१७ या मिश्रधातूचे रिव्हेट बुडविल्यानंतर सुमारे एका तासात, आणि २०२४ चे दहा ते वीस मिनिटांत ठोकावे लागतात. एरवी ते शीतपेटीत ठेवितात. नाशिकजवळील ओझर येथे १९६४ पासून उभ्या राहिलेल्या विमान-कारखान्यासारख्या ठिकाणी घड्याळ आणि शीतपेटी ही जोडकामाची हत्यारे का ठरतात, ते यावरून कळेल.

ताणाचा परिणाम

मुरवणीपूर्वी धातूस थंड अवस्थेत ताणले असता तिच्यात स्थानभ्रंश-रेषांचे जाळे वाढते. या रेषा अवक्षेपांना जन्मस्थान पुरवितात, आणि रिक्तस्थानांना गिळंकृतही करितात. कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे मिश्रधातूवर अवलंबून असते.

तांबेयुक्त मिश्रधातूंत लाभ निःसंशय आहे. २२१९ ही मिश्रधातू भारताच्या प्रक्षेपकांतील इंधनटाक्यांसाठी वापरली जाते. ताण न देता मुरविल्यास तिचे पराभव-बल सुमारे २९० मेगापास्कल असते. मुरवणीपूर्वी ७ टक्के थंड काम दिल्यास ते सुमारे ३९५ होते. रसायन तेच, भट्टीही तीच. फरक केवळ पूर्वसंस्काराचा. जस्तयुक्त ७०७५ मध्ये मात्र ताणामुळे स्थानभ्रंशांवर भरड अवक्षेप जन्मतात व बळ किंचित घटते. तरीही तिला दोनतीन टक्के ताणतात, ते शीतनाने आत राहिलेले ताण काढून टाकण्यासाठी. जाड पाट कातताना वेडावाकडा होऊ नये म्हणून थोडे बळ सोडून देण्याचा हा सौदा आहे.

मॅग्नेशियम-सिलिकन कुलातील ताणाचे उत्तम उदाहरण विजेच्या तारेचे आहे. आंबिवलीच्या उत्तरेस भिवंडी तालुक्यातील पडघे येथे मोठ्या वीजवाहिन्या एकत्र येतात. चंद्रपूरहून निघालेली उच्च दाबाची एकदिश वाहिनीही तेथेच संपते. अशा परिसरात तारेचा प्रश्न दूरचा नव्हे. शुद्ध ॲल्युमिनियमची तार प्रमाणित तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीजवाहकता दाखविते. परंतु ती दुबळी असल्याने तिच्या गाभ्यात पोलादी तारा घालाव्या लागतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या सान्निध्यामुळे गंज बळावतो. मिश्रधातूची तार पोलादाविना उभी राहते. ६२०१ या मिश्रधातूची मुरविलेली तार ३०० मेगापास्कलहून अधिक ताण सोसते आणि सुमारे ५२.५ टक्के वाहकता देते. भारतीय मानक ३९८ चा चौथा भाग अशाच तारांविषयी आहे.

या तारेत बळ व वाहकता दोन्ही हवी असतात. विरघळलेले अणू विजेच्या वाटेत अडथळा करितात. साध्या तापमानास बनणारे अणुपुंज तो आणखी वाढवितात. भट्टीत अवक्षेप पूर्ण वाढले म्हणजे घनविद्राव रिता होतो व वाहकता सुधारते. बुडविलेली सळई ओढण्यापूर्वी दीर्घकाळ पडून राहिली तर ती ताठरते, ओढण्यास अधिक बळ लागते, आणि पुढील अवक्षेपांचा क्रम बदलतो. ओढण्याने वाढलेले स्थानभ्रंश या हानीची काही भरपाई करितात. ती किती होईल हे थांबण्याचा अवधी आणि ओढण्याचे प्रमाण या दोहोंवर ठरते. यांपैकी एकच लिहून ठेविले तर हिशेब लागत नाही.

आंबिवलीच्या हवेचा हिशेब

हस्तपुस्तिकांतील ‘साधे तापमान’ हे बहुधा २० अंश असते. अणुपुंज बनण्याचा वेग मुख्यतः रिक्तस्थानांच्या हालचालीवर अवलंबून असतो, आणि तीस सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. हे मूल्य धरून आऱ्हेनियसच्या नियमाने गणित केल्यास २० अंशांच्या मानाने ३२ अंशांस हा वेग सुमारे अडीच पट होतो, व ३५ अंशांस सुमारे तिप्पट. पौषातील पहाटेचे तापमान १७ अंश धरल्यास तो सुमारे पाऊणपट उरतो.

समजा, एखाद्या ग्रंथात ६०८२ साठी बुडविल्यानंतर अर्धा तास थांबण्यास हरकत नाही असे म्हटले आहे. त्या अर्ध्या तासाइतकाच परिणाम होण्यास ३२ अंशांच्या हवेत सुमारे १२ मिनिटे पुरतात. ३५ अंशांस ९ ते १० मिनिटे. आणि १७ अंशांस ३८ मिनिटे लागतात. म्हणजे एकाच यंत्रशाळेत, त्याच माणसांच्या हातून, त्याच भट्टीत, पौषातील पहाट व वैशाखातील दुपार यांत चौपट अंतर पडते. उणे १८ अंशांच्या शीतपेटीत तोच परिणाम होण्यास सुमारे १७ तास लागतील.

हे गणित दिशादर्शक समजावे. पहिल्या काही मिनिटांत रिक्तस्थाने विपुल असतात व पुंज झपाट्याने बनतात. पुढे पुंजच रिक्तस्थानांना धरून ठेवीत असल्याने वेग ओसरतो. म्हणून काळाचे व तापमानाचे हे प्रमाण सर्व अवधीभर सारखे राहत नाही. परंतु दिशेविषयी संशय नाही : उष्ण प्रदेशात थांबण्याची मुभा थंड प्रदेशापेक्षा कमी असते.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. ऋतुमानाप्रमाणे कठिनतेचे आकडे वरखाली होऊ लागले म्हणजे दोष प्रथम कच्च्या मालाला दिला जातो, मग भट्टीला, आणि शेवटी भट्टीवरच्या कामगाराला. पुष्कळदा कामगाराने काहीच चुकविलेले नसते. त्याने ठरलेला अर्धा तास पाळलेला असतो. फक्त तो अर्धा तास वैशाखातला असतो. शिवाय ज्या तुकड्याची कठिनता मोजली तो गठ्ठ्यातील पहिला, व ज्याने भार सोसावयाचा तो शेवटचा, असे झाल्यास प्रमाणपत्र बरोबर असूनही वस्तू दुबळी निघते.

उपाय आणि अभ्यासाची दिशा

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विलंब टाळणे : मुरवणीची भट्टी आधी तापवून ठेवणे व सुटीच्या आदल्या सायंकाळी नवा गठ्ठा न बुडविणे. हे शक्य नसेल तेथे दुसरा उपाय पूर्वमुरवणीचा. धातू बुडविताच ७० ते १०० अंशांच्या दरम्यान थोडा काळ ठेवावी. या तापमानास बनणारे पुंज पुढे भट्टीत टिकण्याजोगे असतात व साध्या तापमानास होणारा अपाय पुष्कळसा रोखला जातो. मोटारींच्या पत्र्यासाठी ही पद्धत रूढ आहे. तेथे पत्रा मऊ असताना आकार देतात आणि रंग भाजण्याच्या १७० ते १८५ अंशांच्या उष्णतेतच, वीसतीस मिनिटांत, त्यास बळ आणितात. तिसरा उपाय ताणाचा, चौथा शीतपेटीचा. पाचवा उपाय रसायनाचा आहे : कथिलाचा अत्यल्प अंश मिसळल्यास त्याचे अणू साध्या तापमानास रिक्तस्थानांना धरून ठेवितात व भट्टीच्या उष्णतेत सोडून देतात, असे पोगाचरच्या गटाने २०१४ साली दाखविले. यांपैकी प्रत्येक उपायाची किंमत वेगळी. लहान यंत्रशाळेस पहिले दोन परवडण्याजोगे आहेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात हाती घेण्याजोगा प्रयोग साधा आहे. ६०८२ व ६०६३ या दोन मिश्रधातूंचे एकाच सळईतून कापलेले तुकडे विरघळवून बुडवावेत. ते २०, ३० व ४० अंशांच्या जलकुंडांत पाच मिनिटे, अर्धा तास, तीन तास, एक दिवस व एक आठवडा अशा अवधींसाठी ठेवावेत. प्रत्येक अवधीनंतर कठिनता व वीजवाहकता मोजावी. मग सर्वांस १७५ अंशांस सारखेच मुरवून पुन्हा मोजावे. कठिनतेवरून बळाचा, आणि वाहकतेवरून घनविद्राव किती रिता झाला याचा अंदाज येतो. एकटी कठिनता फसवी असते : न मुरलेली व अतिमुरलेली धातू सारखाच आकडा दाखवू शकते. वाहकता त्या दोहोंत भेद करिते. अतितीव्र सूक्ष्मदर्शक हाताशी नसला तरी या दोन मापनांतून पूर्वसंस्काराचा परिणाम स्पष्ट उमटतो. सूक्ष्मरचना पाहण्याची आवश्यकता पडल्यास पवई येथील भारतीय तंत्रशास्त्र संस्था आणि नागपूर येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र महाराष्ट्रातच आहेत.

अशा प्रयोगातून निघणारा तक्ता लहानच असेल : डावीकडे हवेचे तापमान, उजवीकडे थांबण्याची मुभा. परंतु तो येथल्या हवेचा तक्ता असेल. तो भट्टीशेजारी टांगला, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या नोंदीत बुडविल्याची वेळ, भट्टीत घातल्याची वेळ व त्या वेळचे छपराखालचे तापमान असे तीन रकाने वाढविले, म्हणजे कालकठिनीकरणातील सर्वांत दुर्लक्षित पूर्वसंस्कार प्रथमच नोंदला जाईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक घड्याळ व एक तापमापक पुरेसे आहेत.